४२९४९६७२९७

चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही दहा अंकी संख्या येते. २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा असताना मिळणाऱ्या अशा संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग ही. ३ चा क्रमांक शून्य धरतात, म्हणून सहाव्या जागी असूनही ही पाचवी.

पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः याशिवाय त्यांना कशानेही भाग जात नाही. त्यावरून पिएर द फेर्मा या गणितज्ञाने १६४० च्या सुमारास अशा सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे मत मांडले. सिद्धता मात्र दिली नाही. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये पत्रातून दुसरा गणितज्ञ ऑयलर याचे लक्ष या विधानाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने ते खोडून काढले:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे दोन्ही अवयव मूळ आहेत. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो, हे ऑयलरने नंतर सिद्ध केले. तेव्हा तपासायचे ते १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच प्रयत्नात भाग जातो. गंमत म्हणजे ही सिद्धता फेर्माच्याच एका प्रमेयावर उभी आहे. हत्यार त्याच्या हाताशीच होते.

भागाकार न करताही ६४१ पडताळता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ धरता येतो. चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १ येते. पण ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने, म्हणजे २ च्या चौथ्या घाताने कमी. ६२५ च्या जागी −१६ ठेवले की २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ ठरते. त्यात १ मिळवला, की बाकी शून्य.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येला असे दोन मार्ग कधीच नसतात, त्यामुळे एवढ्यानेही ती संयुक्त ठरते. उलट २ हा पाया घेऊन केलेल्या फेर्माच्या कसोटीत (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी असलेला घात घेऊन त्याला संख्येने भागल्यावर बाकी १ येते का, हे पाहण्यात) ती मूळ असल्यासारखी बेमालूम उत्तीर्ण होते. पाया ३ घेतला की पितळ उघडे पडते.

तिचे मूळ अवयव ६४१ आणि ६७००४१७ फेर्मा संख्या नसल्याने तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने काढता येत नाही. मात्र दोनच बाजू कमी केल्या तर काढता येतो, कारण ४२९४९६७२९५ हा ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या वेगवेगळ्या मूळ फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे. अशा रीतीने काढता येणाऱ्या, विषम संख्येने बाजू असलेल्या ज्ञात बहुभुजांत तोच सर्वांत मोठा.