कॉन्स्टंटाइनचे दानपत्र

कॉन्स्टंटाइनचे दानपत्र : रोमन सम्राट पहिला कॉन्स्टंटाइन (कार. ३०६–३३७) याने पोप पहिला सिल्व्हेस्टर (पोपपद ३१४–३३५) याला करून दिले असे भासवणारा बनावट लॅटिन दस्तऐवज. पोपच्या ऐहिक सत्तेचा आधार म्हणून तो मध्ययुगात पुढे केला जाई.

दानपत्राचे दोन भाग आहेत. पहिल्यात सम्राटाची श्रद्धेची कबुली असून सिल्व्हेस्टरने बाप्तिस्मा देताच त्याचा महारोग बरा झाला, अशी कथा येते. ती सिल्व्हेस्टरविषयीच्या जुन्या चरित्रकथेतून उचललेली आहे. वस्तुतः कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये अखेरच्या आजारात बाप्तिस्मा घेतला, असे समकालीन बिशप व चर्चचा इतिहासकार यूसीबिअस सांगतो. दुसऱ्या भागात सम्राट रोममधील लॅटरन राजवाडा, रोम, इटली व पश्चिमेकडील प्रांत पोपच्या हवाली करतो, पूर्वेकडील चार प्रमुख धर्मपीठांवर रोमचे श्रेष्ठत्व मान्य करतो, पोपच्या घोड्याचा लगाम धरतो आणि राजधानी बायझँटियमला हलवतो.

दस्तऐवजातील कालनोंद स्वतःशीच विसंगत आहे. रोमन वर्षे त्या त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या (सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या) नावांनी नोंदली जात; दानपत्रात नोंदलेले कॉन्स्टंटाइनचे चौथे कॉन्सलपद ३१५ चे. जोडीला उल्लेखिलेला गॅलिकेनस त्या वर्षी कॉन्सल नव्हता. कॉन्स्टँटिनोपलचे (बायझँटियमचे नवे नाव) नाव धर्मपीठांत येते, पण त्या नगराचे प्रतिष्ठापन ३३० चे. खऱ्या रचनाकालाबाबत मात्र मतभेद आहेत. बहुसंख्य अभ्यासक तो आठव्या शतकाच्या उत्तरार्धात व रोममध्येच मानतात. ७५१ मध्ये इटलीतील लाँबर्ड या जर्मॅनिक लोकांनी बायझँटिन सत्तेचे तेथील केंद्र राव्हेना घेतले. त्यांच्याविरुद्ध मदत मागण्यासाठी ७५४ च्या आरंभी पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून फ्रँक राजा पेपिनला भेटला. पेपिन त्याच्या घोड्याबरोबर पायी चालला, अशी नोंद पोपांच्या चरित्रसंग्रहात आहे. लगामाचा तपशील याच सुमारास सुचला असावा, हे अनुमान आकर्षक असले तरी निर्णायक नाही. ७७८ च्या एका पत्रात पोप पहिला हेड्रिअन कॉन्स्टंटाइनच्या औदार्याचा उल्लेख करतो. त्याला हेच दानपत्र अभिप्रेत होते काय, हे वादग्रस्त आहे. जर्मन इतिहासकार योहानेस फ्रीड यांनी रचना नवव्या शतकातील फ्रँक प्रदेशातील ठरवली. सर्वांत जुनी उपलब्ध प्रत तिकडचीच असल्याने हे मत सहज टाळता येत नाही. तथापि प्रत सापडते तेथेच मजकूर रचला गेला, असे म्हणता येत नाही. बनावट ताम्रपटांच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे.

नवव्या शतकाच्या मध्यास हा मजकूर बनावट धर्माज्ञांच्या एका मोठ्या संग्रहात शिरला व सर्वत्र पोहोचला. पोप नववा लिओ याने कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखाशी झालेल्या वादात (१०५३–५४) त्याचा आधार घेतला. याउलट १००१ मध्ये सम्राट तिसरा ऑटो याने तो खोटा ठरवला होता. पोपपक्षालाही तो सर्वस्वी सोयीचा नव्हता : सम्राटाने दिलेले सम्राट परत मागू शकतो. म्हणून कॉन्स्टंटाइनने चर्चचे होते तेच परत केले, असा युक्तिवाद पुढे आला. रोममधील सांती क्वात्रो कोरोनाती या चर्चमधील भित्तिचित्रांत (तेरावे शतक) सम्राट पोपचा घोडा धरून चालताना दिसतो; पोप व सम्राट दुसरा फ्रेडरिक यांच्यातील संघर्षाचा तो काळ.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ निकोलस ऑफ क्युसा याने १४३३ च्या सुमारास व इटालियन मानवतावादी विद्वान लोरेंझो व्हाल्ला याने १४४० मध्ये दानपत्राचा खोटेपणा उघड केला. व्हाल्लाची पद्धत भाषाशास्त्रीय होती : चौथ्या शतकातील रोमच्या शासनव्यवहारात ‘सॅट्रॅप’ (इराणी प्रांताधिपती; आपल्याकडील ‘क्षत्रप’ त्याच इराणी मूळचा) हा शब्द कुठून आला, असे तो विचारतो. अर्थात तो निःपक्षपाती नव्हता. त्याचा आश्रयदाता, आरागॉनचा राजा आल्फोन्सो, तेव्हा पोपशी लढत होता. तरीही १४४८ मध्ये व्हाल्लाला पोपच्याच कचेरीत नोकरी मिळाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक इतिहासकार बॅरोनिअसनेही बनावटपणा मान्य केला, मात्र दोष ग्रीकांच्या माथी मारला. हे मत आता कोणी मांडत नाही.