बीपाल-एम उपचारपद्धती

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचा, म्हणजे एमडीआर टीबीवरचा, सहा महिन्यांचा कोर्स. यात बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधं असतात, सगळ्या गोळ्या. पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालायचे, त्यात महिनोन्महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं, आणि त्यापायी कित्येकांचं ऐकू येणं कायमचं गेलं, म्हणून या बदलाचं मोल फार मोठं आहे.

मुंबईत हा प्रश्न जुना. हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी, तपासलेल्या सगळ्याच औषधांना दाद न देणाऱ्या चार पेशंटची माहिती २०११ च्या अखेरीस छापली, तेव्हा बराच गदारोळ झाला. असा वेगळा वर्ग डब्ल्यूएचओनं मात्र मानला नाही.

कोर्सची सुरुवात २०२० साली छापून आलेल्या निक्स-टीबी अभ्यासापासून धरतात, पण त्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन नव्हतं, त्यामुळे २०२२ च्या टीबी-प्रॅक्टिकल अभ्यासापासून धरणं जास्त बरोबर वाटतं. त्यात जुन्या उपचारांवर ४८ टक्के पेशंटच्या बाबतीत निकाल वाईट आला, बीपाल-एमवर ११ टक्के.

खरी गोम लिनेझोलिडच्या डोसमधे आहे. निक्समधे रोज १२०० मिलिग्रॅम द्यायचे, १०९ पैकी ९८ जण बरे झाले खरे पण ८१ टक्के लोकांच्या नसांना त्रास झाला, म्हणजे तळपायाला मुंग्या, आग, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, शिवाय जवळजवळ निम्म्यांच्या रक्तपेशी कमी झाल्या. मग झेनिक्स अभ्यासात डोस आणि मुदत बदलून पाहिली. १२०० मिलिग्रॅम २६ आठवडे दिल्यावर ९३ टक्के जणांना गुण आला, ६०० दिल्यावर ९१, आणि नसांचा त्रास ३८ वरून २४ टक्क्यांवर आला. ६०० फक्त नऊ आठवडे दिलं तर गुण ८४ टक्क्यांवर उतरतो. म्हणून ६०० आणि पूर्ण मुदत हाच पर्याय रास्त दिसतो, आणि सध्या वापरही त्याचाच आहे. कोर्स चालू असताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ईसीजी वरचेवर करावे लागतात, ईसीजी मुख्यतः बेडाक्विलीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनसाठी.

बेडाक्विलीनच्या पेटंटची मुदत वाढवून घ्यायचा कंपनीचा अर्ज भारतात मार्च २०२३ मधे फेटाळला गेला, आणि केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मधे बीपाल-एमला मंजुरी दिली. मॉक्सिफ्लॉक्सासिन लागू पडत नसेल तर ते वगळून उरलेली तीन देतात. गरोदर बायका, १४ वर्षांखालची मुलं, मेंदूचा किंवा हाडांचा टीबी असलेले पेशंट यांना हा कोर्स देत नाहीत.