गिटारीला सुवर्णपदक, नर्तकीला हुर्यो : जपानी फ्लामेंकोची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४. स्पेनच्या मुर्सिया प्रांतातलं ला उनियोन हे जुनं खाणगाव. तिथल्या फ्लामेंकोच्या, म्हणजे गाणं, नाच आणि गिटार यांच्या दक्षिण स्पेनमधल्या कलेच्या, स्पर्धेत स्त्री-नृत्याचं पहिलं बक्षीस जपानात जन्मलेल्या नर्तकीला जाहीर झालं आणि प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली. परदेशी स्त्रीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

परीक्षकांचा निकाल पटला नाही, हे समजू शकतं. स्पर्धा म्हटली की ते आलंच. खटकतं ते हे की पुढे चर्चा नाचावरून घसरून जन्मगावावर आली. ही बाई वीस वर्षांहून जास्त काळ दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियात (सेव्हिल) राहते आहे, नाचते आहे. आणखी किती वर्षं काढली म्हणजे तिचं पाऊल ‘तिथलं’ ठरणार?

जपानचं हे वेड कालपरवाचं नाही. १९२९ मध्येच स्पॅनिश नृत्याने टोक्योचे रसिक भारावले होते. मुळं घट्ट रुजली ती मात्र युद्धानंतर, आणि त्यात गिटार बांधणाऱ्यांचा वाटा मोठा.

फ्लामेंकोची गिटार बांधायला अवघड. पारंपरिक घडणीत पाठ आणि बाजू सायप्रसच्या फिकट, हलक्या लाकडाच्या. म्हणून तिला ‘ब्लांका’, म्हणजे पांढरी, म्हणतात. तारा पडद्यांच्या इतक्या जवळ, की जोरात छेडल्या तर किंचित खरखरतात. ती खरखर हवीच असते, फक्त किती हे कारागिराच्या कानाने ठरवायचं. पुढच्या फळीवर पातळ पट्टी चिकटवतात, कारण वादक सुरांच्या मधे तिथे नखाने ठोके देतो.

हे सगळं नुसतं बघून येत नाही. टोक्योचा एक कारागीर १९६०च्या सुमारास थेट माद्रिदला गेला, तिथल्या उस्तादाच्या कार्यशाळेत गिटारबांधणी शिकला. १९६७ मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे गिटारबांधणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळालं.

त्याच वर्षी टोक्योच्या शिंजुकू भागात फ्लामेंकोचा रंगमंच असलेलं रेस्टॉरंट उघडलं. स्पेनहून कलाकारांचे संच यायचे, ते महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचे. जेवणाच्या टेबलापासून चार हातांवर टाचांचा कडकडाट ऐकून कितीतरी जपानी मुली शिकायला लागल्या, त्यातल्या काही पुढे थेट अंदालुसियात, म्हणजे फ्लामेंकोच्या माहेरी दक्षिण स्पेनमध्ये, पोचल्या. ती जागा २०१६ पर्यंत चालली.

मधल्या काळात, २०१० मध्ये, युनेस्कोच्या यादीत फ्लामेंकोची नोंद मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून झाली. मानवजातीचा. ला उनियोनच्या त्या रात्री हा शब्द कोणाला तरी आठवायला हवा होता.