डार्टचा धुरळा आणि त्यामागची पार्श्वभूमी

डार्ट ही लघुग्रहाच्या चंद्रावर यान आदळवून त्याची प्रदक्षिणा बदलते का, हे पाहणारी नासाची मोहीम. अवकाशात यान मुद्दाम आपटून उडालेला धुरळा पाहण्याचा प्रयोग डार्टच्या आधीही झाला होता. ४ जुलै २००५ रोजी डीप इम्पॅक्ट मोहिमेतला सुमारे ३७० किलोचा गोळा टेम्पल-१ या धूमकेतूवर सेकंदाला १०.३ किलोमीटर वेगाने आदळला. धुरळा इतका दाट उठला की सोबतच्या यानाला विवरच दिसेना. ते पाहायला २०११ साली स्टारडस्ट यानाला तिथे जावे लागले. २००९ मध्ये एलक्रॉस मोहिमेत उलटेच घडले. रॉकेटचा रिकामा टप्पा चंद्राच्या कॅबियस विवरात पडला, पृथ्वीवरच्या दुर्बिणी रोखलेल्याच होत्या, पण अपेक्षित फवारा त्या वेळी त्यांना काही दिसला नाही.

डार्टचे लक्ष्य मात्र दुर्बिणींच्या सोयीने निवडलेले होते. डिडिमॉस हा लघुग्रह १९९६ मध्ये सापडला. त्याला चंद्र आहे हे २००३ मध्ये कळले, तेही प्रकाशवक्रातल्या, म्हणजे वेळेनुसार बदलत्या तेजाच्या आलेखातल्या, खळग्यांवरून. डायमॉर्फस हा चंद्र डिडिमॉसच्या पुढून किंवा मागून गेला की एकूण प्रकाश किंचित घटतो. या घटींच्या वेळांवरून प्रदक्षिणाकाळ निघतो. धडकेपूर्वी तो ११ तास ५५ मिनिटे होता. दोघांमधले अंतर जेमतेम १.२ किलोमीटर. १.१ कोटी किलोमीटरवरून ते ०.०२ विकलांइतके (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) भरते, म्हणजे हबल अवकाश दुर्बिणीलाही दोघे एकाच ठिपक्यासारखे. घड्याळ लावून बसण्यावाचून इलाज नव्हता.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी, अमावस्या नुकतीच सरलेली असताना, सुमारे ५८० किलोचे यान डायमॉर्फसवर सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने धडकले. हबलला ही जोडी तिप्पट तेजस्वी दिसली. दोन दिवसांत चिलीतल्या सोअर दुर्बिणीने १०,००० किलोमीटरहून लांब शेपूट टिपले.

प्रकाशमापन करणाऱ्यांची खरी पंचाईत इथून सुरू झाली. छायाचित्रात ठिपक्याभोवती आखलेल्या मापनाच्या वर्तुळात लघुग्रहाबरोबर धुळीचाही प्रकाश येतो, त्यात खळगे उथळ होतात. वर्तुळ लहान करावे, तर हवेच्या थरथरीने ठिपका पसरला की थोडा प्रकाश बाहेर सांडतो आणि खोटाच खळगा उमटतो. म्हणून वर्तुळ बेताचे ठेवायचे, दर रात्री धुळीचा उतरता कल वजा करायचा आणि धुरळा विरळ होण्याची वाट पाहायची. तरी ११ ऑक्टोबरला प्रदक्षिणाकाळात ३२ मिनिटांची घट जाहीर झाली, नंतर ती ३३ ठरली. यशासाठी ७३ सेकंदांचा फरक पुरेसा होता!

एवढा फरक पडला तो या धुरळ्यामुळेच. उलट दिशेने उडालेल्या मालाने डायमॉर्फसला मागे रेटले. एकूण संवेगबदल (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) यानाच्या संवेगाच्या सुमारे ३.६ पट निघाला. म्हणजे यानाने दिला त्याहून मोठा धक्का दगडमातीचा होता.

पुढे सूर्यप्रकाशाच्या दाबाने बारीक कण दूर गेले, जाड कण रेंगाळले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हबलला दुसरे शेपूट दिसले आणि त्याच्या कारणावरून तर्कवितर्क सुरू झाले. डिसेंबरातल्या हबलच्याच छायाचित्रांत ३७ मोठे दगड सापडले, सर्वांत मोठा ६.७ मीटरचा. डायमॉर्फसपासून ते माणसाच्या चालीहूनही मंद, तासाला किलोमीटरभर वेगाने दूर सरकत होते.