पार्श्वभूमी : चेदोमिर यानेव्स्की आणि वार्दरचं काढून घेतलेलं विजेतेपद

चेदोमिर यानेव्स्की यांची ओळख आज करून दिली जाते ती बेल्जियमच्या अंगाने. क्लब ब्रुज या फुटबॉल क्लबचे जुने बचावपटू, नंतर तिथलेच प्रशिक्षक, आणि मध्ये वर्षभर मॅसिडोनियाच्या राष्ट्रीय संघाची धुरा. या ओळखीत मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये इथल्या वार्दर क्लबातली त्यांची वर्षं गळून जातात. त्यांच्या पिढीच्या मॅसिडोनियन खेळाडूंची गोष्ट मात्र त्याच वर्षांत, १९८६-८७ च्या हंगामात, खरी घडली.

यानेव्स्की यांचा जन्म स्कोप्येतला, १९६१ चा. मॅसिडोनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता, आणि वार्दरने युगोस्लाव्ह करंडक जिंकला तोही त्याच वर्षी. त्यानंतरची पंचवीस वर्षं हा क्लब कधी पहिल्या श्रेणीत, कधी दुसऱ्या श्रेणीत असाच हेलकावे खात राहिला. बहुतेक विजेतेपदं बेलग्रेड, स्प्लिट आणि साराजेवोमध्ये फिरायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वार्दरमध्ये चांगली घरची पोरं एकत्र आली. यानेव्स्की त्यातलेच एक.

युगोस्लाव्ह साखळी स्पर्धेच्या १९८५-८६ च्या शेवटच्या फेरीतले निकाल आणि गोलांचे आकडे संशयास्पद वाटले. पार्टिझान आणि रेड स्टार या बेलग्रेडच्या दोन क्लबांत विजेतेपद गोलफरकावर (केलेले वजा स्वीकारलेले गोल) ठरणार होतं, आणि पार्टिझानने झेल्येझ्निचारला ४-० हरवून ते घेतलं. राष्ट्रीय संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी अख्खी शेवटची फेरी पुन्हा खेळवण्याचा हुकूम काढला. पार्टिझान मैदानात उतरलाच नाही, सामना विरोधकांना बहाल झाला आणि विजेतेपद रेड स्टारकडे गेलं. देशोदेशींच्या विजेत्यांच्या युरोपियन करंडकात त्या वर्षी खेळायला रेड स्टारच गेला. शिवाय पार्टिझानसह दहा क्लबांना पुढच्या हंगामासाठी प्रत्येकी उणे सहा गुणांची शिक्षा झाली. विजयाला दोन गुण मिळण्याचा तो काळ, म्हणजे तीन विजय आधीच वजा करून सुरुवात.

वार्दरचं नाव त्या दहांत नव्हतं. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण पुढच्या वादात ती सोयीने विसरली गेली. शून्यापासून सुरुवात करून वार्दरने जून १९८७ मध्ये हंगाम संपताना तक्त्यात पहिलं स्थान मिळवलं. मॅसिडोनियातला क्लब युगोस्लाव्हियाचा विजेता होण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

तिकडे शिक्षेविरुद्धची न्यायालयीन लढाई चालूच होती. गैरप्रकार सिद्ध झाला नाही, शिक्षा रद्द झाली आणि कापलेले गुण परत जोडले गेले. पार्टिझानला आधीच्या हंगामाचं विजेतेपद मिळालंच, नव्या हंगामाचंही मिळालं. वार्दर वरून खाली सरकला.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पुराव्याशिवाय शिक्षा टिकू नये हे कुणीही मान्य करेल. पण संघ खेळतो तो समोर टांगलेला तक्ता बघून. बरोबरी पुरेशी आहे की जिंकलंच पाहिजे, बचाव आवळायचा की पुढे चाल करायची, हे सगळं त्या दिवशीच्या गुणांवर ठरतं. हंगाम संपल्यावर आकडे बदलले की संपूर्ण वर्षाचे डावपेच दुसऱ्याच स्पर्धेचे होऊन जातात. अध्यक्षांचा हुकूम चुकीचा होता असं मानलं, तरी त्याची भरपाई ज्याच्यावर आरोपच नव्हता त्या क्लबाच्या खिशातून का करायची, याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही आणि नंतरही दिलं नाही.

गुंता इतका की १९८७-८८ च्या युरोपियन करंडकात युगोस्लाव्हियाचा विजेता म्हणून वार्दरच खेळला. पहिल्याच फेरीत गाठ पडली पोर्तुगालच्या पोर्तोशी. काही महिन्यांपूर्वी व्हिएन्नात बायर्न म्युनिकला हरवून ज्यांनी हाच करंडक उचलला होता, तेच हे. पोर्तोत ०-३, स्कोप्येत ०-३. युरोपच्या नोंदीत वार्दर त्या वर्षीच्या विजेत्यांच्या स्पर्धेत आहे; देशाच्या विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव नाही.

१९८८ मध्ये यानेव्स्की ब्रुजला गेले आणि १९९० मध्ये बेल्जियमची साखळी स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होते. तिथलं विजेतेपद कुणी परत मागायला आलं नाही. पुढे ते शार्लरोआ या बेल्जियन क्लबाकडूनही खेळले. ऑक्टोबर १९९३ मध्ये स्वतंत्र मॅसिडोनियाचा संघ क्रान्य इथे स्लोव्हेनियाविरुद्ध पहिला सामना खेळून ४-१ जिंकला, तेव्हा त्यांनी बत्तिशी पार केली होती. त्या पिढीतल्या बहुतेकांना स्वतःच्या देशाचा संघ असा उतारावर मिळाला.

प्रशिक्षक म्हणून नाव झालं ते २००७ मध्ये. ब्रुजमध्ये ते सहायक होते. एप्रिलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढलं आणि उरलेले आठवडे सांभाळायला यानेव्स्कींना पुढे केलं. त्यांनी मेमध्ये स्टँडर्ड लिएजला १-० हरवून बेल्जियन करंडक जिंकून दिला. पुढच्या हंगामाला क्लबने दुसरा माणूस आणला. २००८ च्या शरदात रेड स्टारने बोलावलं, तेही असंच: हंगामाच्या सुरुवातीलाच संघ कोसळलेला, आधीच्या प्रशिक्षकाची हकालपट्टी झालेली. हंगाम संपण्याआधीच त्यांचंही पद गेलं, आणि विजेता ठरला पुन्हा पार्टिझान.

२०१२ मध्ये राष्ट्रीय संघ हाती आला. विश्वचषक पात्रतेचा गट अवघड होता: बेल्जियम, क्रोएशिया, सर्बिया, स्कॉटलंड, वेल्स. ग्लासगोत १-१ अशी बरोबरी झाली. ऑक्टोबरमध्ये स्कोप्येत पेनल्टीवरच्या एकमेव गोलने सर्बियाला हरवलं. वार्दरचं विजेतेपद ज्या शहरातल्या पार्टिझानकडे गेलं, त्या बेलग्रेडच्या देशावरचा हा विजय, आणि प्रशिक्षकाच्या बाकावर १९८७ चा वार्दरचा बचावपटू. माझ्या मते त्या मोहिमेतला सर्वांत मोलाचा निकाल तोच. मार्च २०१३ मध्ये चार दिवसांत बेल्जियमशी दोन सामने झाले. स्कोप्येत ०-२ आणि ब्रसेल्समध्ये ०-१, दोन्ही हरले. बेल्जियमचा आक्रमक खेळाडू एडन हझार्ड याच्या बहराचा तो काळ होता; दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. मॅसिडोनिया गटात तळाला राहिला.

यानेव्स्कींनी त्याच वर्षी पद सोडलं आणि मोंस या बेल्जियन क्लबाची जबाबदारी घेतली. पुढे मुस्क्रों आणि वासलँड-बेव्हरन इथेही पदावनतीच्या भीतीने ग्रासलेले संघच त्यांच्याकडे आले.