मुलाच्या नावाची ब्रुअरी मुलाला मिळाली नाही

२००३ साली पेर फ्लाय या दिग्दर्शकाचा 'आर्वेन' हा डॅनिश चित्रपट आला. नावाचा अर्थ 'वारसा'. क्रिस्टोफर स्टॉकहोममध्ये बायकोसोबत सुखात राहतो, रेस्टॉरंट चालवतो. एके दिवशी वडिलांच्या आत्महत्येची बातमी येते. घराण्याचा पोलादाचा कारखाना डबघाईला आलेला, आणि आईचं म्हणणं एकच, की खुर्चीवर तूच बसायचं. त्याच खुर्चीवर डोळा ठेवून असलेला मेहुणा घरातच आहे. पुढच्या दीड-दोन तासांत कामगारकपात, विलीनीकरण, घरातल्या माणसाला नोकरीवरून काढणं, आणि सुखी संसाराचा हळूहळू होणारा चुराडा.

डॅनिश लोक कंपनी आणि कुटुंब यांच्या झगड्याच्या अशा गोष्टी इतक्या ताकदीनं सांगतात, कारण तसे झगडे त्यांनी जवळून पाहिले आहेत. ज्या देशाची आपल्याला ओळख समता आणि कल्याणकारी राज्य अशी आहे, त्याच देशातले मोठे उद्योग घराण्यांतून उभे राहिले. ती घराणी भांडली, दुभंगली, आणि त्या भांडणांतून कंपनीच्या मालकीची एक पद्धत तिथे रुजली. तिची सुरुवात बघायची तर कोपनहेगनच्या पश्चिमेला वाल्बीच्या टेकडीवर जावं लागतं.

याकोब क्रिस्तियान याकोबसेन यांनी १८४७ मध्ये या टेकडीवर ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, काढली. त्याआधी दोन वर्षं ते म्युनिकहून बव्हेरियन पद्धतीच्या बिअरचं यीस्ट घेऊन आले होते. घोडागाडीचा लांबचा प्रवास, वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी ओतून यीस्ट गार ठेवायचं. ब्रुअरीला नाव दिलं पाच वर्षांच्या मुलाचं. मुलगा कार्ल, आणि टेकडीला डॅनिशमध्ये 'बियर्ग'. झालं कार्ल्सबर्ग. एकुलता मुलगा, त्याचं नाव दारावर. पुढे काय होणार याबद्दल त्या दिवशी कुणाला शंका वाटली नसेल.

कार्ल मोठा झाल्यावर वडिलांनी त्याला धंदा शिकायला चार वर्षं परदेशी पाठवलं. परतल्यावर १८७१ मध्ये शेजारीच बांधलेली एक नवी ब्रुअरी भाड्यानं चालवायला दिली. इथून बिनसत गेलं. वडिलांचा आग्रह असा, की बिअर तळघरात पुरेसा काळ मुरलीच पाहिजे, मग माल कमी निघाला तरी चालेल. मुलाला बाजाराची मागणी दिसत होती. मुरवणीचा काळ कमी केला की त्याच तळघरातून कितीतरी जास्त बिअर निघते. तो तसं करू लागला आणि उत्पादनात बापाच्या पुढे जायला लागला. वडिलांच्या लेखी हा मालाशी केलेला द्रोह होता, तर मुलाच्या लेखी वडील काळ ओळखत नव्हते. मला दोघांचंही म्हणणं पटतं, आणि म्हणूनच हे भांडण इतकं जिव्हारी लागतं.

वडिलांनी मुलाला त्या ब्रुअरीतून बाहेर काढलं. मुलानं हाकेच्या अंतरावर स्वतःची उभी केली. नावावरूनही वाद झाला. शेवटी १८८२ पासून वडिलांची 'जुनी कार्ल्सबर्ग' आणि मुलाची 'नवी कार्ल्सबर्ग' अशा दोन ब्रुअऱ्या एकाच टेकडीवर धूर सोडू लागल्या. दोघांच्या मधल्या रस्त्याला वडील म्हणायचे 'अलायन्स रस्ता' आणि मुलगा म्हणायचा 'पाश्चर रस्ता'. एकानं पाटी लावायची, दुसऱ्याच्या माणसांनी ती उतरवायची, असं चालायचं. दोघेही देशात नावाजलेले, आणि भांडत होते रस्त्याच्या पाटीवरून.

याच काळात वडिलांनी जे केलं त्याचा परिणाम आजही टिकून आहे. १८७५ मध्ये त्यांनी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा काढली आणि २५ सप्टेंबर १८७६ रोजी कार्ल्सबर्ग फाउंडेशन. फाउंडेशनचा कारभार पाच शास्त्रज्ञ-विद्वानांकडे, आणि त्यांची निवड करणार डेन्मार्कची रॉयल विज्ञान अकादमी. घराण्यातल्या माणसाला तिथे जन्मानं जागा नाही. पुढे मृत्युपत्रात त्यांनी आपली ब्रुअरीच या फाउंडेशनच्या नावे केली. १८८६ मध्ये बापलेकांचा समेट झाला, ३० एप्रिल १८८७ रोजी वडील रोममध्ये वारले, पण मृत्युपत्र बदललं नव्हतं. ज्याच्या नावानं ब्रुअरी होती त्याला ती मिळाली नाही. ती विद्वानांच्या मंडळाकडे गेली.

हे नुसतं रागातून केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. याकोबसेन यांचा विज्ञानावर मनापासून विश्वास होता. प्रयोगशाळेतला महत्त्वाचा शोध गुपित ठेवायचा नाही, असा त्यांचा नियमच होता. १८८३ मध्ये एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत शोधली. त्यावर एकाधिकार ठेवून कंपनी गबर झाली असती, पण ते यीस्ट इतर ब्रुअऱ्यांनाही देऊन टाकलं गेलं. त्याच वर्षी योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. पदार्थातलं प्रथिनांचं प्रमाण ठरवायला ती आजही वापरतात. आम्लता मोजायचं पीएच हे मापही याच प्रयोगशाळेतलं, १९०९ मध्ये सोरेन्सेन यांनी दिलेलं. याकोबसेन यांचं राहतं घर पुढे मानाचं निवासस्थान झालं, आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तिथे १९६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत, जवळपास तीस वर्षं राहिले.

कार्लनं पुढे काय केलं? त्याला कलेचं वेड होतं, ग्रीक-रोमन शिल्पांचं विशेष. आपला संग्रह त्यानं लोकांना दिला आणि त्यातून नवी कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक हे संग्रहालय उभं राहिलं. कोपनहेगनच्या धक्क्यावरचा छोट्या जलपरीचा पुतळा १९१३ मध्ये शहराला भेट दिला तोही त्यानंच. आणि १९०२ मध्ये, ज्या वडिलांशी उभा दावा मांडला त्यांच्याच फाउंडेशनच्या छत्राखाली त्यानं स्वतःची ब्रुअरी नेऊन ठेवली. १९०६ मध्ये दोन्ही ब्रुअऱ्या एक झाल्या आणि कार्ल त्यांचा संचालक झाला. वडिलांच्या कारखान्यात तो मालक म्हणून नव्हे, तर फाउंडेशननं नेमलेला माणूस म्हणून परतला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट ही आहे.

डॅनिश फाउंडेशन म्हणजे आपल्याकडच्या धर्मादाय न्यासासारखं काहीतरी, असं समजलं तर अर्धंच कळतं. हे फाउंडेशन कंपनीचं मालक असतं. एकदा त्यात शेअर घातले की देणाऱ्याला परत घेता येत नाहीत, आणि वारसांना ते वाटूनही घेता येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी शेअरचे दोन वर्ग असतात. एका वर्गाला मतं जास्त, दुसऱ्याला कमी किंवा मुळीच नाहीत. त्यामुळे बाहेरून भांडवल घेतलं तरी सत्ता हातची जात नाही. कार्ल्सबर्ग फाउंडेशनला कंपनीचे किमान ५१ टक्के शेअर ठेवणं बंधनकारक होतं. २००७ मध्ये नियम सैल झाला तो भांडवलापुरता. मतांचं बहुमत फाउंडेशनकडेच राहिलं. म्हणून डॅनिश गोष्टीतली खरी लढत शेअर बाजारात होत नाही. फाउंडेशनच्या मंडळात कोण बसणार, यावर ती होते.

मर्स्क या जहाज कंपनीचं उदाहरण यात सगळ्यांत मोठं. उरण-पनवेल रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत आकाशी निळ्यावर पांढरा सात टोकांचा तारा दिसतो, तो यांचा. न्हावा शेवा बंदरात २००६ पासून या समूहाचं टर्मिनलही आहे. तारा आला तो कॅप्टन पीटर मर्स्क म्योलर यांच्याकडून. बायको आजारातून उठली म्हणून देवाचे आभार मानत त्यांनी आपल्या 'लॉरा' या आगबोटीवर तो रंगवला. त्यांचा मुलगा आर्नोल्ड पीटर यानं १९०४ मध्ये वडिलांसोबत स्वेनबोर्गला कंपनी काढली, आणि १९१२ मध्ये स्वतःची दुसरी. १९४६ मध्ये त्यानं आपल्या मुलाला पत्र लिहिलं. वेळीच काळजी घेतली तर टळेल असं नुकसान आपल्याला होता कामा नये, असा त्याचा आशय. 'वेळीच घेतलेली काळजी' हे शब्द आजही कंपनीत घोकले जातात. १९५३ मध्ये फाउंडेशन झालं.

तो मुलगा म्हणजे मर्स्क मॅकिनी म्योलर. १९६५ पासून त्यांचा शब्द अखेरचा होता, आणि ९८ व्या वर्षी, २०१२ मध्ये ते गेले तोवर त्यांचा दबदबा ओसरला नव्हता. कोपनहेगनला त्यांनी दिलेलं ऑपेरागृह २००५ मध्ये उघडलं. त्याच्या काचेच्या दर्शनी भागावर त्यांनी धातूच्या पट्ट्या बसवायला लावल्या, आणि वास्तुविशारद हेनिंग लार्सन यांना ते कधीच पटलं नाही. त्यांच्यानंतर तीन मुलींपैकी धाकटी, आने, फाउंडेशनची अध्यक्ष झाली. २०२२ पासून तिचा मुलगा रॉबर्ट कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष आहे.

लेगोच्या घरातली फूट आवाज न होता पडली. १९६० मध्ये बिलुंड या कंपनीच्या गावी लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली. संस्थापकाचा मुलगा गोडफ्रेड यानं ठरवलं, यापुढे फक्त प्लॅस्टिक. लाकडावर वाढलेल्या त्याच्या दोन भावांनी कंपनी सोडली.

मुंबईतही डॅनिश माणसांचा वारसा आहे. हेनिंग हॉल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे सिमेंटची यंत्रं बनवणाऱ्या एका डॅनिश कंपनीसाठी भारतात आले आणि १९३८ मध्ये त्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. तीच आजची एल अँड टी. वारसांचा दावा नाही, मग कंपनी कुणाची, हा प्रश्न तिथेही उभा राहिला. आधी अंबानी आणि मग बिर्ला समूहानं मोठा हिस्सा घेतला. २००३-०४ मध्ये सिमेंटचा व्यवसाय वेगळा झाला आणि बिर्ला समूहाचा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या न्यासानं विकत घेतला. पवईत नोकरी केलेल्या पिढीला तो निकाल अजून आठवतो.

आणि आता नोव्हो नॉर्डिस्क ही औषध कंपनी, जिथे ही गोष्ट अजून चालू आहे. १९२० च्या दशकात नॉर्डिस्क ही इन्सुलिन बनवणारी डॅनिश संस्था होती. तिथल्या थोरवाल्ड पेडरसनचं संस्थेचे एक संस्थापक हागेडॉर्न यांच्याशी वाजलं आणि १९२४ मध्ये त्याला काढलं. थोरला भाऊ हाराल्ड यंत्रं बनवण्यात वाकबगार, त्याच्या नोकरीला धक्का नव्हता. भावासाठी त्यानंही राजीनामा दिला. १९२५ मध्ये दोघांनी 'नोव्हो' काढली, आणि पुढची ६४ वर्षं दोन्ही कंपन्या एकमेकींशी झुंजल्या. १९८९ मध्ये विलीनीकरण झालं आणि सत्ता फाउंडेशनकडे गेली. भांडवल साधारण २८ टक्के, मतं मात्र ७७ टक्के.

२०२५ मध्ये वजन घटवण्याच्या औषधांच्या बाजारात कंपनी मागे पडली. मे महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागलं. ऑक्टोबरमध्ये फाउंडेशन आणि संचालक मंडळ यांच्यात बदलांच्या वेगावरून एकमत होईना, तेव्हा अध्यक्षांसह बाहेरून आलेले सगळे संचालक पायउतार होणार असल्याचं जाहीर झालं. नव्या अध्यक्षपदासाठी नाव पुढे आलं लार्स रेबियन सोरेन्सेन यांचं. २०१६ पर्यंत ते याच कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते, आणि आता फाउंडेशनचे अध्यक्ष. बाहेरच्या काही गुंतवणूकदारांनी नापसंती दाखवली. नोव्हेंबरच्या विशेष सभेत मतदान झालं, आणि ७७ टक्के मतं एकाच हातात होती.