पार्श्वभूमी : बुद्ध्यंकाची सत्तरची रेघ आली कुठून?

माणसाची कुवत चाचणीने मोजता येते का, हा विषय निघाला की चर्चा लगेच 'मुळात बुद्धी म्हणजे काय' इथे जाऊन अडते. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिकेत जी खरी भांडणं झाली, ती दिसायला फारच किरकोळ मुद्द्यावर झाली: रेघ कुठे ओढायची? 70च्या खाली बौद्धिक अक्षमता, 70च्या वर नाही. मूल कोणत्या वर्गात बसणार, कुणाला सरकारी मदत मिळणार आणि शेवटी शेवटी तर कुणाला मृत्युदंड देता येणार, हे या आकड्यावर ठरत आलं. हा आकडा कुणाला सापडलेला नाही. तो ठरवलेला आहे, आणि एकदाच नव्हे.

त्याआधीचा इतिहास धावता पाहू. चीनमधली शेकडो वर्षं चाललेली राजसेवेची परीक्षापद्धत 1905 मध्ये बंद झाली आणि योगायोगाने त्याच वर्षी पॅरिसमध्ये तीस प्रश्नांची पहिली बुद्धिमापन श्रेणी प्रसिद्ध झाली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवावं, एवढाच तिचा हेतू. पहिला प्रश्न असा, की पेटती काडी डोळ्यांपुढून फिरवली तर मुलाची नजर तिच्यामागे जाते का. 1908च्या आवृत्तीत 'मानसिक वय' आलं, म्हणजे मूल कोणत्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतके प्रश्न सोडवतं ते वय, आणि सहा वर्षांच्या मुलांना दोन चेहरे दाखवून यातला सुंदर कोणता, असंही विचारलं जाऊ लागलं. यात मुलाची बुद्धी किती मोजली जाते आणि चारचौघांची आवड किती, हे ज्याने त्याने ठरवावं. श्रेणी बनवणाऱ्याने मात्र स्वतःच बजावलं होतं, की लांबी मोजावी तशी बुद्धी याने मोजली जात नाही. 1911 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी एका जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, 1916 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकाने त्या भागाकाराला 100ने गुणलं, आणि जगाला बुद्ध्यंक मिळाला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांहून अधिक जवानांना चाचण्या दिल्या. निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रं होती: टेनिसच्या मैदानात जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, काय राहिलंय ते काढून दाखवा. ज्याने आयुष्यात टेनिस पाहिलेलं नाही, त्याचे इथे गुण गेले. सरासरी गोऱ्या जवानाचं मानसिक वय तेरा निघाल्यावर चाचणीत गडबड आहे असं म्हणण्याऐवजी देशाची बुद्धी घसरत असल्याची हाकाटी झाली. 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये 8 विरुद्ध 1 मतांनी मान्यता दिली. त्या कायद्यांखाली साठ हजारांहून जास्त लोकांची नसबंदी झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. मोठ्या माणसांना मानसिक वयाचा हिशेब लागू पडत नाही. साठीच्या माणसाचं मानसिक वय काढून करायचं काय? म्हणून 1939 मध्ये आलेल्या नव्या श्रेणीने भागाकारच सोडून दिला. आपल्या वयोगटात तुम्ही कुठे बसता, एवढंच ती सांगायची: सरासरी 100, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेले असतात त्याचं माप) 15. नाव तेच राहिलं, अर्थ पार बदलला. आकडा आता रांगेतली जागा दाखवत होता. आणि रांगेतच मोजायचं म्हटल्यावर रेघ कुठे ओढायची याचा अर्थ एकच उरतो: किती टक्के लोक रेघेखाली टाकायचे. माझ्या मते पुढच्या साऱ्या वादांची किल्ली इथे आहे, आणि नेमकी तीच बहुतेक चर्चांत हरवलेली असते.

बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या प्रमुख संघटनेने 1959च्या व्याख्येत ही रेघ सरासरीच्या खाली एका प्रमाण विचलनावर ओढली. म्हणजे 85. त्याखाली लोकसंख्येचे सुमारे 16 टक्के येतात, सहातला जवळजवळ एक जण. हेतू वाईट नव्हता. काठावरच्यांनाही मदत मिळावी असं त्यामागे होतं. रोजच्या जगण्यात माणूस कसा निभावतो हेही पाहावं, अशी दुसरी अटही व्याख्येतच होती. पण चाचणी तासाभरात होते आणि ही दुसरी गोष्ट तपासायला मुलाच्या घरी जावं लागतं, चौकशी करावी लागते. शाळांनी सोपं तेवढं उचललं. विशेष वर्गांत काळी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त दिसू लागली. 1960च्या दशकाच्या अखेरीस एका सरकारी समितीच्या अहवालाने या मुलांना नाव दिलं: 'सहा तासांचा मतिमंद'. नऊ ते तीन शाळेत मतिमंद आणि तीननंतर घरी, गल्लीत, दुकानात इतरांसारखाच.

1973 मध्ये त्याच संघटनेने रेघ दोन प्रमाण विचलनांवर नेली. 16 टक्क्यांचे सव्वादोन टक्के झाले. काल ज्याचा बुद्ध्यंक 78 होता त्याचा आजही 78च होता, पण कागदोपत्री तो बरा झाला होता. त्यातही एक गंमत होती. दुसऱ्या एका प्रचलित चाचणीचं प्रमाण विचलन 15 नव्हे तर 16 होतं, म्हणून तिच्यावर रेघ 68ला पडायची. दोन गुणांच्या त्या पट्ट्यातलं मूल कोणत्या बाजूला जाणार, हे शाळेच्या कपाटात कोणती पेटी आहे यावर ठरे.

मला हा निर्णय योग्यच वाटतो. पण मोजमाप सुधारलं म्हणून तो झाला नव्हता. आधीच्या रेघेमुळे चाललेला अन्याय डोळ्यांत खुपू लागला होता. त्याची किंमतही कुणीतरी मोजली. 70 ते 85च्या पट्ट्यातली मुलं शिकायला पूर्वीइतकीच अडखळत होती, फक्त त्यांना आता कोणताच शिक्का नव्हता आणि त्यामुळे कोणतीच हक्काची मदतही नव्हती. 1992 मध्ये मर्यादा '70 ते 75' अशी सैल करण्यात आली. ऐकायला पाचच गुण, पण 75च्या खाली 70च्या खालच्यापेक्षा दुप्पट लोक असतात.

न्यायालयांनाही हे एका सुरात सोडवता आलं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने 1979 मध्ये, काळ्या मुलांना विशेष वर्गांत घालण्यासाठी अशा चाचण्या वापरायला मनाई केली. पुढच्याच वर्षी शिकागोतल्या न्यायाधीशाने निकालपत्रात प्रश्नामागून प्रश्न तपासला, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सदोष ठरवले आणि चाचण्यांना हिरवा कंदील दिला.

त्यात मानकंही, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून गुण ठरतात ते आकडेही, शिळी होतात. 1932 ते 1978 या काळात अमेरिकनांचे गुण सरासरी 13.8ने वाढल्याचं 1984 मध्ये दाखवून दिलं गेलं. म्हणजे जुन्या चाचणीवर गुण जास्त पडतात, आणि नवी आवृत्ती आली की तेच मूल घसरतं. रेघेजवळच्या मुलांची नव्या आवृत्तीवर फेरचाचणी घेतली तेव्हा सरासरी 5.6 गुण गेले, असं 2003 मधल्या एका अभ्यासात आढळलं.

2002 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मृत्युदंड देण्यावर बंदी घातली, पण अक्षमता कशी ठरवायची हे राज्यांवर सोडलं. ज्याच्या खटल्यात हा निकाल लागला त्या कैद्याला आधी 59 गुण होते. नंतरच्या चाचण्यांत 74 आणि 76 आले. इतकी वर्षं वकिलांशी बोलण्यात गेल्याने त्याच्या बुद्धीला चालना मिळाली, असं स्पष्टीकरण त्याच्याच बाजूच्या तज्ज्ञाने दिलं. 2005 मध्ये ज्युरीने त्याला अक्षमता नसल्याचं ठरवलं. त्याची शिक्षा पुढे कमी झाली, पण वेगळ्याच कारणाने.

फ्लोरिडाने 70 हा आकडा शब्दशः घेतला होता. 71 आला तर पुढचा कोणताच पुरावा ऐकायचा नाही. 2014 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी हे घटनाबाह्य ठरलं, कारण प्रत्येक चाचणीत प्रमाणत्रुटी, म्हणजे मोजण्यातली थोडी चूक, असते आणि 70 म्हणजे साधारण 65 ते 75. विरोधी मत देणाऱ्यांचा एक आक्षेप असा, की व्यावसायिक संघटनांची मतं बदलत राहतात, त्यांच्यावर घटनेचा अर्थ कसा टांगायचा? 1959 आणि 1973 शेजारी ठेवून पाहिलं तर हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. ज्याच्या खटल्यात हा निकाल लागला त्या 71 गुणांच्या कैद्याचा मृत्युदंड मात्र 2016 मध्ये रद्द झाला.

भांडण त्यानंतर पुढच्या पायरीवर गेलं. अलाबामातल्या एका कैद्याचे पाच गुणांक आहेत, सगळे 72 ते 78च्या दरम्यान. एकही 70च्या खाली नाही. पण 72मधून त्रुटीचे तीन गुण वजा केले तर 69 उरतात, असं खालच्या न्यायालयाने धरलं. ही एक वजाबाकी पुरेशी मानली की पाचही आकडे आणि बाकीचा पुरावा एकत्र पाहिला, हे स्पष्ट करा, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये प्रकरण परत पाठवलं.